एक मिलिमीटरचा दिवस : पाय लांबविणाऱ्या तीन साधनांची तुलना

लहानपणी पोलिओ होऊन एक पाय वाढायचा राहून गेलेला, अपघातात मोडलेले मांडीचे हाड आखूड जुळलेला, किंवा जन्मतःच एक पाय दुसऱ्यापेक्षा लहान असलेला माणूस आपल्यापैकी बहुतेकांच्या ओळखीत असतो. भारत पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र मार्च २०१४ मध्ये मिळाले, पण त्याआधी ज्यांना तो आजार झाला ती माणसे आपल्यात आहेतच. लहान वयात हाडात पू होऊन वाढ खुंटलेली मुले आहेत, आणि रस्त्यावरच्या अपघातांची त्यात रोज भर पडते.

दोन पायांतला फरक दोन सेंटीमीटरच्या आत असला, तर चपलेची टाच उंच करून भागते. पुष्कळदा तेवढीही गरज पडत नाही. मूल वाढीच्या वयात असेल आणि फरक मध्यम असेल, तर लांब पायाच्या गुडघ्याजवळची वाढ योग्य वेळी थांबवून आखूड पायाला बरोबरी साधू देता येते. फरक पाच सेंटीमीटर किंवा त्याहून अधिक झाला, की मात्र कंबर एका बाजूला कलते, पाठ दुखू लागते आणि उंच टाचेचा बूट इतका जड होतो की तो वापरणेच नकोसे वाटते. अशा वेळी हाडांचे डॉक्टर आखूड पाय लांबविण्याच्या शस्त्रक्रियेचा विषय काढतात.

त्यानंतर घरच्यांसमोर साधनांची चित्रे येतात. पायाभोवती गोल कडी बसविलेले ‘इलिझारोव्ह’, मांडीच्या किंवा नडगीच्या एका बाजूला बसणारे ‘रेल’ आणि सहा तिरप्या दांड्यांचे, संगणकाच्या हिशेबाने फिरवायचे ‘हेक्सापॉड’. तिन्ही कातडीच्या बाहेर राहतात आणि तारांनी किंवा स्क्रूंनी आतले हाड धरून ठेवतात, म्हणून तिन्हींना ‘एक्स्टर्नल फिक्सेटर’ म्हणतात. रुग्णाचा प्रश्न साहजिकच असतो : यांतले चांगले कोणते?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. नवे हाड शरीर तयार करते, साधन नव्हे. आणि ते तयार होण्याचा वेग तिन्ही साधनांत जवळपास एकच आहे. साधनांमधला खरा फरक आहे तो त्या पाच-सहा महिन्यांचे ओझे कसे वाटले जाते यात. काही भार डॉक्टरच्या कौशल्यावर पडतो, काही रुग्णाच्या रोजच्या जगण्यावर, काही घरच्या माणसांवर आणि काही खिशावर. कोणत्या साधनात कोणता भार कोणाकडे जातो हे समजले, तर निवड पुष्कळ सोपी होते.

ओढण्यापासून ताणण्यापर्यंत

हाड कापून पाय ओढावा आणि लांब करावा, ही कल्पना जुनी आहे. इटलीतील बोलोन्या शहराचे शल्यविशारद अलेस्सांद्रो कोदिव्हिला यांनी १९०५ मध्ये या विषयावर महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. हाड तिरपे कापायचे, टाचेच्या हाडात खिळा घालून त्याला जोराचा ताण द्यायचा आणि मिळालेली लांबी प्लास्टरमध्ये धरून ठेवायची, अशी ती पद्धत होती. हाड कापणे अवघड नव्हते. अडचण होती ती भोवतालच्या स्नायूंची, नसांची आणि रक्तवाहिन्यांची. एकदम ओढले की त्यांना इजा होते आणि हाडाच्या दोन टोकांमधली पोकळी भरून येईलच याची खात्री नसते.

पुढची काही दशके हीच अडचण कायम राहिली. जर्मनीतील हाइन्त्स वाग्नर यांनी १९७० च्या दशकात एका बाजूला बसणारे सुटसुटीत साधन लोकप्रिय केले. त्यात रोज सुमारे दीड मिलिमीटर ताण दिला जाई. लांबी मिळत असे, पण पोकळी पुष्कळदा रिकामीच राही. मग दुसरी शस्त्रक्रिया करून कमरेचे हाड काढून तिथे भरायचे आणि धातूची पट्टी बसवायची; हाड भक्कम झाल्यावर ती पट्टी काढण्यासाठी तिसरी शस्त्रक्रिया. एका पायासाठी माणसाला तीन वेळा भूल घ्यावी लागे.

याच प्रश्नाचे उत्तर त्याआधीच सोव्हिएत संघात सापडले होते, पण ते पश्चिमेकडे पोहोचले नव्हते.

कुर्गानची कडी

गाव्रिईल इलिझारोव्ह यांचा जन्म १९२१ चा. १९४४ मध्ये वैद्यकीय शिक्षण पुरे झाल्यावर त्यांची नेमणूक पश्चिम सायबेरियातील कुर्गान प्रांतातल्या एका खेड्यात झाली. महायुद्धातून परतलेल्या, हाडे मोडलेल्या आणि न जुळलेल्या माणसांची तिथे कमतरता नव्हती आणि साधने जवळजवळ नव्हतीच. १९५१ च्या सुमारास त्यांनी आपले साधन तयार केले. पायाभोवती धातूची कडी, त्या कड्यांत आरपार ताणून बसविलेल्या बारीक तारा आणि कड्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या आटे पाडलेल्या सळया. सायकलचे चाक डोळ्यांसमोर आणले तर रचना लगेच कळते. स्पोक बारीक असतात, पण ताणून बसविल्यामुळे माणसाचे वजन पेलतात.

सुरुवातीला हे साधन मोडलेल्या हाडाची टोके एकमेकांवर दाबून धरण्यासाठी होते. असे सांगतात की, एका रुग्णाने नट चुकून उलट्या दिशेने फिरवले. टोके जवळ येण्याऐवजी हळूहळू दूर गेली आणि एक्स-रे काढल्यावर मधल्या फटीत नवे हाड दिसले. गोष्ट कशीही घडली असो, तिच्या मागचे तत्त्व इलिझारोव्ह यांनी पुढे अनेक वर्षे प्रयोग करून पक्के केले. जिवंत पेशींना हळू आणि सतत ताण दिला, की त्या नव्याने वाढू लागतात. हाडच नव्हे, तर स्नायू, रक्तवाहिन्या, नसा आणि कातडी यांनाही हे लागू पडते.

१९८९ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत कुत्र्यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष आहेत. दिवसाला अर्धा मिलिमीटर ताणले, तर हाड वेळेआधीच जुळून बसण्याचा धोका असतो. दोन मिलिमीटर ताणले, तर नवे हाड नीट धरत नाही आणि नसा-स्नायूंना त्रास होतो. एक मिलिमीटर हा मध्यम वेग सर्वांत बरा. तोही एकदम न देता चार वेळा पाव-पाव मिलिमीटर दिलेला चांगला, आणि यंत्राच्या साहाय्याने दिवसभरात साठ बारीक टप्प्यांत दिलेला त्याहून चांगला. आज जगभर पाय लांबविताना पाळला जाणारा ‘दिवसाला एक मिलिमीटर’ हा नियम इथून आला.

त्याला आणखी दोन नियम जोडलेले आहेत. हाड कापताना आतील मज्जेला आणि वरच्या पातळ आवरणाला शक्य तितका धक्का लागू द्यायचा नाही, कारण नव्या हाडाला रक्त तिथूनच मिळते. आणि कापल्यावर लगेच ताणायचे नाही. पाच ते सात दिवस थांबायचे, म्हणजे जुळण्याची नैसर्गिक क्रिया सुरू होते. मग तिला ताण देऊन लांबवत न्यायचे.

सोव्हिएत संघाबाहेर या पद्धतीची माहिती पोहोचायला तीस वर्षे लागली. उंच उडीतला विश्वविक्रमवीर व्हालेरी ब्रुमेल याचा पाय १९६५ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात चिरडला होता. अनेक शस्त्रक्रिया करूनही हाड जुळले नव्हते. १९६८ मध्ये इलिझारोव्ह यांनी कुर्गान येथे त्याच्यावर उपचार केले आणि त्यानंतर त्याने पुन्हा दोन मीटरहून उंच उडी मारली. देशात या उपचाराचा बोलबाला झाला. १९८० मध्ये इटलीचे गिर्यारोहक कार्लो माउरी आपला जुना, वर्षानुवर्षे न बरा झालेला पाय घेऊन कुर्गानला गेले आणि बरे होऊन परतले. त्यांचा पाय पाहून इटलीच्या डॉक्टरांनी १९८१ मध्ये इलिझारोव्ह यांना व्याख्यानासाठी बोलाविले, आणि तिथून ही पद्धत युरोप, अमेरिका आणि भारतात पसरली. महाराष्ट्रात अकोल्यासारख्या शहरातही या तंत्राला वाहिलेले केंद्र उभे राहिले.

साधन म्हणून कड्यांची बलस्थाने स्पष्ट आहेत. दीड ते १.८ मिलिमीटर जाडीच्या तारा चारी बाजूंनी हाड धरतात, त्यामुळे पाय कोणत्याही एका बाजूला सहज वाकत नाही. चालताना तारा किंचित लवतात. कापलेल्या भागावर हलका दाब येतो-जातो आणि हाड भरायला त्याची मदत होते. म्हणून कड्यांच्या रुग्णाला लवकर पाय टेकवून चालायला सांगतात. हाड पातळ किंवा ठिसूळ असले तरी तारा त्यात धरतात. लांबविण्याबरोबर वाकडेपणा काढायचा असेल, तर कड्यांमध्ये बिजागऱ्या बसवून तेही करता येते.

भारही तितकेच स्पष्ट आहेत. तारा आरपार जातात, म्हणून कोणत्या पातळीवर कोणती नस आणि कोणती रक्तवाहिनी कुठून जाते हे डॉक्टरला अचूक ठाऊक असावे लागते. बिजागऱ्यांची जागा चुकली, तर वाकडेपणा नीट निघत नाही. आणि वाकडेपणा दोन-तीन दिशांचा असला, तर मध्येच सांगाडा उघडून पुन्हा बांधावा लागतो. रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत मोठी अडचण म्हणजे आकार. नडगीवर कडी कशीबशी सांभाळता येतात. मांडीवर ती दुसऱ्या मांडीला घासतात, म्हणून तिथे पूर्ण कड्यांऐवजी अर्धी कमान आणि जाड स्क्रू वापरतात. तरीही बसणे आणि झोपणे अवघड जाते.

व्हेरोनाची पट्टी

इटलीतील व्हेरोना शहरात जोव्हान्नी दे बास्तियानी आणि त्यांचे सहकारी वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोहोचले. त्यांचे साधन पायाच्या एकाच बाजूला बसते. पाच-सहा मिलिमीटर जाडीचे स्क्रू एका बाजूने हाडात घालायचे, बाहेर ते पकडींत आवळायचे आणि त्या पकडी एका भक्कम पट्टीवर सरकवायच्या. १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या पद्धतीत हाड कापल्यावर सुमारे दोन आठवडे थांबून, कोवळे हाड धरू लागल्यावर ते ताणले जाई. वाग्नर यांचे साधनही एका बाजूचेच होते. व्हेरोनाच्या गटाने जवळपास तसेच साधन घेऊन वेग, प्रतीक्षा आणि हाड कापण्याची जागा बदलली, आणि बहुतेक रुग्णांची हाड भरण्याची वेगळी शस्त्रक्रिया टळली. यश साधनापेक्षा पद्धतीवर किती अवलंबून आहे, याचा याहून चांगला दाखला नाही.

आपल्याकडे ‘एलआरएस’ किंवा नुसते ‘रेल’ म्हणून ओळखले जाणारे साधन याच कुळातले. ते बसवायला कमी वेळ लागतो. स्क्रू एका बाजूने जात असल्याने नसा-रक्तवाहिन्या चुकविणे सोपे जाते. मांडीच्या बाहेरच्या बाजूला ते बसते, त्यामुळे दोन्ही पाय जवळ घेता येतात, खुर्चीवर बसता येते आणि सैल पायजमा घालता येतो. मांडीचे हाड सरळ आहे आणि फक्त लांबी हवी आहे, अशा रुग्णासाठी पुष्कळ डॉक्टर रेलच पसंत करतात.

त्याची मर्यादा साध्या यांत्रिकीतून येते. भिंतीत एका टोकाने बसविलेला फळीचा कप्पा वजनाने पुढच्या टोकाला खाली झुकतो, तसेच एका बाजूने धरलेले हाडही झुकू शकते. पाय लांबू लागला की स्नायू ताणले जातात आणि ते सर्व बाजूंनी सारख्या ताकदीचे नसतात. मांडीचे हाड बाहेरच्या बाजूला आणि पुढे बाक काढू पाहते. नडगीचा खालचा भाग बाहेरच्या बाजूला झुकतो आणि मध्ये पुढे बाक येतो. कड्यांमध्ये असा बाक दिसला तर सळया कमी-जास्त फिरवून तो काढता येतो. साध्या रेलमध्ये ही सोय फारच थोडी असते आणि कधीकधी त्यासाठी पुन्हा भूल द्यावी लागते. शिवाय जाड स्क्रू महिनोन्महिन्यांच्या भाराने ढिले होऊ शकतात. हाडाला चिकटून बसणाऱ्या हायड्रॉक्सिॲपेटाइट या खनिजाचा थर दिलेले स्क्रू वापरले, तर हे प्रमाण कमी होते. पण ते महाग पडतात.

मेम्फिसच्या सहा दांड्या

तिसऱ्या साधनाचे मूळ रुग्णालयात नाही, कारखान्यात आहे. १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये डनलॉप कंपनीचे अभियंता एरिक गफ यांनी मोटारींचे टायर तपासण्यासाठी एक यंत्र बनविले. दोन तबकड्या आणि त्यांना जोडणाऱ्या, लांबी बदलता येणाऱ्या सहा दांड्या. सहा लांब्या बदलल्या की एक तबकडी दुसरीच्या तुलनेत हव्या त्या जागी, हव्या त्या कोनात नेता येते. १९६५ मध्ये स्ट्युअर्ट यांच्या निबंधातून हीच रचना वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी पुढे आली. अमेरिकेतील मेम्फिस शहरातील अस्थिशल्यविशारद चार्ल्स टेलर आणि त्यांचे अभियंता बंधू हॅरॉल्ड यांनी १९९० च्या दशकात तबकड्यांच्या जागी इलिझारोव्ह यांची कडी ठेवली. ‘टेलर स्पेशल फ्रेम’ असे त्याचे नाव. सहा पायांचे म्हणून अशा सर्व साधनांना हेक्सापॉड म्हणतात.

यात बिजागऱ्या लागत नाहीत. एक्स-रेवरून हाड किती आखूड आहे, कोणत्या दिशेला किती अंश वाकले आहे आणि किती पिळले आहे याची मापे घ्यायची. कडी हाडापासून कुठे आहेत तीही मापे घ्यायची. हे सारे आकडे संगणकाला द्यायचे. संगणक एक तक्ता छापून देतो. कोणत्या दिवशी कोणती दांडी किती आकड्यावर न्यायची हे त्यात असते. दांड्यांवर क्रमांक आणि रंग असतात. शेवटी थोडा बाक उरला, तर सांगाडा न उघडता नवी मापे देऊन नवा तक्ता घ्यायचा.

हाड एकाच वेळी आखूड, वाकडे आणि पिळलेले असेल, तर हेक्सापॉडची अचूकता फार उपयोगी पडते. जन्मजात दोषांमध्ये आणि चुकीच्या जागी जुळलेल्या हाडांमध्ये असे पुष्कळदा असते. पण संगणकाला दिलेले मापच चुकीचे असेल, तर तक्ताही चुकीचा येतो. डॉक्टरचे कौशल्य इथे बिजागऱ्यांकडून मापांकडे सरकते, संपत नाही. दांड्यांची लांबी ठरावीक मर्यादेतच बदलते, म्हणून मोठी लांबी मिळवताना मध्ये दांड्या बदलाव्या लागतात. किंमत तिन्हींमध्ये सर्वांत जास्त. इलिझारोव्हची कडी आणि रेल आपल्याकडे देशी बनावटीची, तुलनेने स्वस्त मिळतात. आणि हाड सरळच असेल, फक्त लांबी हवी असेल, तर हा जास्तीचा खर्च नवे हाड लवकर आणत नाही.

एका तराजूत

आता तिन्ही साधने एका उदाहरणात ठेवून पाहू. नडगीचे हाड पाच सेंटीमीटर लांबवायचे आहे. शस्त्रक्रियेनंतर सात दिवस थांबायचे. मग दिवसाला एक मिलिमीटर या हिशेबाने पन्नास दिवस ताणायचे. म्हणजे दोन महिन्यांत लांबी मिळाली. पण त्या पाच सेंटीमीटरमध्ये अजून कोवळे हाड आहे. ते घट्ट व्हायला ताणण्याच्या काळाच्या दुपटीहून कमी वेळ सहसा लागत नाही. एक्स-रेमध्ये हाडाच्या चारपैकी निदान तीन बाजू भरलेल्या दिसेपर्यंत साधन काढत नाहीत. एकूण हिशेब पाच ते सहा महिन्यांचा होतो. लहान मुलांत तो कमी असतो. प्रौढांत, विशेषतः विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत, वाढतो.

या हिशेबात साधनाचे नाव कुठेच आले नाही. ते येते ते रोजच्या कामात. रेलमध्ये ताण देणारा स्क्रू एकाच जागी असतो : दिवसातून चार वेळा पाव फेरा, पन्नास दिवसांत दोनशे वेळा. इलिझारोव्हच्या दोन कड्यांमध्ये सहसा चार सळया असतात आणि त्यांचे आटे असे असतात की पूर्ण एका फेऱ्याला एक मिलिमीटर अंतर पडते. दहा नंबरचा पान्हा घेऊन प्रत्येक नट दिवसातून चार वेळा पाव फेरा फिरवायचा, म्हणजे पन्नास दिवसांत आठशे वेळा. एक नट चुकला किंवा उलटा फिरला, तर कडे तिरपे होते. हेक्सापॉडमध्ये सहा दांड्या आणि हातात तक्ता. काम सोपे, पण तक्ता वाचणारे आणि रोज खूण करणारे माणूस घरात हवे. आजी-आजोबांजवळ राहणाऱ्या मुलाच्या बाबतीत हा प्रश्न डॉक्टरांनी आणि घरच्यांनी आधीच बोलून घ्यावा लागतो.

तार किंवा स्क्रू कातडीतून जिथे आत जातो ती जागा रोज स्वच्छ करावी लागते, आणि हे काम तिन्ही साधनांत सारखेच आहे. इतक्या महिन्यांत बहुतेक रुग्णांना एकदा तरी एखाद्या जागी लाली, दुखणे किंवा पाणी येणे असा जंतुसंसर्ग होतो. तो बहुधा ड्रेसिंगने आणि गोळ्यांनी आटोक्यात येतो. बारीक तारेच्या जागा जास्त असतात, पण त्यांचा संसर्ग बहुधा वरवरचा राहतो. स्क्रू कमी असतात. पण एखादा जाड स्क्रू ढिला होऊन खोलवर पू झाला, तर तो काढून दुसरीकडे घालावा लागतो.

सांधे हा तितकाच महत्त्वाचा भाग आहे, आणि दुर्दैवाने त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. हाड रोज एक मिलिमीटर वाढते, स्नायू मात्र कुरकुरत मागे येतात. नडगी लांबवताना पोटरीचा स्नायू टाच वर ओढतो आणि पाऊल खाली झुकते. मांडी लांबवताना गुडघा आखडतो आणि काळजी घेतली नाही तर सांध्यातून सरकूही शकतो. म्हणून रोज व्यायाम, रात्री पावलाला आधार देणारी पट्टी आणि गरज पडली तर ताणण्याचा वेग कमी करणे, हे सारे उपचाराचे अंग आहे. एका टप्प्यात साधारण पाच-सहा सेंटीमीटरपुढे जाऊ नये, असे बरेच डॉक्टर म्हणतात त्याचे कारण हाडात नसून स्नायूंत आणि सांध्यांत आहे. ड्रोर पेली या शल्यविशारदांनी १९९० मध्ये या उपचारातल्या अडचणींचे तीन गट पाडले. शस्त्रक्रियेविना सुटणाऱ्या, शस्त्रक्रिया करून सुटणाऱ्या आणि उपचार संपल्यावरही मागे राहणाऱ्या. पहिले दोन गट उपचाराचा भाग म्हणून धरूनच चालावे लागतात. रुग्णाला हे आधी सांगितलेले असले, तर तिसऱ्या महिन्यात पू दिसल्यावर तो घाबरून जात नाही.

रोजच्या जगण्यातले फरकही नोंदवले पाहिजेत. कड्यांवरून विजार चढत नाही. बाजूची शिवण उसवून नाड्या किंवा चिकटपट्टी लावावी लागते. उकिडवे बसता येत नाही, त्यामुळे घरात खुर्चीचे संडास नसेल तर ती सोय आधी करावी लागते. साधनावर धूळ बसू नये म्हणून कापडाची पिशवी शिवतात. शाळेच्या बाकावर किंवा एसटीच्या सीटवर रेल सोयीचे पडते. उलट, शेतावर राहणाऱ्या आणि घरातल्या घरात तरी लवकर पायावर उभे राहणे भाग असलेल्या माणसाला कड्यांचा भक्कमपणा उपयोगी पडतो.

कातडीखालचे साधन

ही तुलना पुरी होण्यासाठी चौथ्या पर्यायाचा उल्लेख हवा. बाहेरचे साधन लवकर निघावे म्हणून हाडाच्या पोकळीत आधीच सळई घालून तिच्यावरून हाड लांबवतात. लांबी मिळाली की बाहेरचे साधन काढतात आणि हाड घट्ट होईपर्यंत सळई भार घेते. बाहेरचे महिने निम्म्याहून कमी होऊ शकतात. पण वरच्या जखमेतला संसर्ग सळईपर्यंत पोहोचला, तर तो फार त्रासदायक ठरतो. त्यापुढचा टप्पा म्हणजे स्वतःच लांबणारी सळई. २०११ पासून वापरात आलेल्या चुंबकीय सळईत बाहेरून चुंबकाचे यंत्र धरले की आतला भाग फिरतो आणि सळई लांबते. कातडीबाहेर काहीच नाही. पण ती फार महाग आहे, फार अरुंद हाडात बसत नाही, लहान मुलांत वाढीच्या भागामुळे बहुधा वापरता येत नाही, आणि हाड भरेपर्यंत पायावर पूर्ण वजन देता येत नाही. जास्त वजन पेलेल अशी पोलादी आवृत्ती बाजारात आली होती. गंज आणि हाडातील बदल दिसू लागल्याने ती २०२१ मध्ये मागे घेतली गेली. नवे साधन आले म्हणजे जुन्याचे काम संपले, असे या क्षेत्रात होत नाही. आणि या सळईतही हाड दिवसाला सुमारे एक मिलिमीटरच वाढवतात.

उंचीचा हव्यास

हे सारे व्यंग किंवा आजार असलेल्या पायाविषयी झाले. अलीकडे दोन्ही पाय निरोगी आणि सारखे असताना, केवळ उंची वाढावी म्हणून हा उपचार घेणारी तरुण मुले वाढत आहेत. मोबाइलवरच्या जाहिरातींत आधीचे आणि नंतरचे छायाचित्र असते. मधले महिने नसतात. एक पाय आखूड असलेल्या माणसाला उपचाराच्या काळात दुसऱ्या चांगल्या पायाचा आधार असतो. उंचीसाठी दोन्ही पाय एकदम कापले, तर तो आधारही जातो. पोटरी आखडणे, गुडघा आखडणे, हाड न भरणे हे धोके दोन्ही पायांना सारखेच. आणि बदल्यात मिळतात पाच-सात सेंटीमीटर. २००६ मध्ये चीनच्या आरोग्य मंत्रालयाने केवळ सौंदर्यासाठी ही शस्त्रक्रिया करण्यास मनाई केली, ती अशाच अपायांच्या अनुभवानंतर. व्यंग असलेल्या माणसाला चालणे परत मिळते, म्हणून सहा महिन्यांचे कष्ट सार्थकी लागतात. जो आजही नीट चालतो आणि पळतो, त्याने आपल्याजवळ असलेले काय पणाला लागते आहे, याचा हिशेब आधी करावा.

विचारायचे प्रश्न

तेव्हा ‘चांगले कोणते’ हा प्रश्न थोडा फोडून विचारला पाहिजे. माझ्या हाडाला फक्त लांबी हवी आहे, की बाक आणि पीळही काढायचा आहे? मांडीचे हाड आहे की नडगीचे? माझ्या डॉक्टरांचा हात कोणत्या साधनावर बसला आहे आणि त्यांनी असे रुग्ण शेवटपर्यंत सांभाळले आहेत का? रोज चार वेळा पान्हा कोण फिरवणार, ड्रेसिंग कोण करणार, व्यायाम कोण करून घेणार? दर दोन-तीन आठवड्यांनी एक्स-रेसाठी येण्या-जाण्याचा खर्च आणि बुडणारा रोजगार हिशेबात धरला आहे का?

सरळ मांडीसाठी रेल, ठिसूळ किंवा संसर्ग झालेल्या नडगीसाठी कडी, अनेक दिशांनी बिघडलेल्या हाडासाठी हेक्सापॉड असा ढोबळ कल सांगता येतो. पण कड्यांवर हात बसलेल्या डॉक्टरने बांधलेले साधे इलिझारोव्ह हे नवख्याने बसविलेल्या महागड्या हेक्सापॉडपेक्षा रुग्णाला अधिक सुखरूप पलीकडे नेते. आणि कोणतेही साधन निवडले, तरी सहा महिने धीर धरणारे घर पाठीशी लागते. त्याची तयारी शस्त्रक्रियेच्या तारखेआधी झालेली बरी.